गल्लीत पाइप, ओट्यावर सिलिंडर

आमच्या तालुक्याच्या गावी जुन्या पेठेत घराघरांच्या भिंतीवर गॅसचे मीटर बसलेत. मीटरपासून ओट्यापर्यंत नळी आली, तिच्या तोंडाला प्लग लावलाय आणि खाली सिलिंडर तसाच उभा आहे. अनामत भरून तीन पावसाळे उलटले. खोदलेले चर मात्र दर पावसात खचतात. गेल्या आषाढात दूधवाल्याची मोटारसायकल कॅनसकट त्यात आडवी झाली.

पतसंस्थेत कर्जप्रकरणं तपासण्यात माझी हयात गेली. त्यामुळे गॅस कंपनीच्या अभियंत्याला मी सरळ विचारलं, या गल्लीतला पैसा वसूल कुठून होणार? तो प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, गल्लीतून नाही. पंपावरून.”

हिशेब सोपा आहे. एक रिक्षा दिवसाला चारेक किलो सीएनजी भरते. महिन्याला तेवढ्या गॅसवर आठ-दहा कुटुंबांचा स्वयंपाक होतो. मुंबईत एका इमारतीला नळी चढवली की चाळीस ग्राहक मिळतात. आमच्याकडे वाडा, मग परसू, मग पुढचं घर. पाइपचा खर्च लांबीगणिक वाढतो, विक्री मात्र माणशी तेवढीच. शिवाय मुख्य वाहिनी अजून लांब आहे. तोवर टँकरने द्रवरूप वायू आणायचा, तर तो पंपाला पुरवतानाच दमछाक होते.

मग कंपन्या एवढ्या जोडण्यांचं वचन देतात तरी का? शहर गॅस वितरणाच्या परवान्यांसाठी झालेल्या 2018 च्या नवव्या फेरीत पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने बोली तपासताना 100 पैकी 50 गुण घरगुती जोडण्यांच्या आकड्याला ठेवले होते. आकडा फुगला की जिल्हा हाती. उद्दिष्ट चुकलं तर दंड आहे, पण तो एका घरगुती जोडणीमागे 750 रुपये आणि एका सीएनजी पंपामागे 20 लाख. आधी काय उभं राहणार हे सांगायला ज्योतिषी नको. राज्याने 2022 मध्ये नैसर्गिक वायूवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला, ते चांगलंच झालं. पण त्याने गॅस स्वस्त होतो, खोदाई नव्हे.

म्हणून ज्या गावांत आता सर्वेक्षणाची मुलं फॉर्म घेऊन फिरताहेत, तिथल्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जोडणीचा दर विचारण्याआधी गॅस कुठून येणार आणि गावातला मोठा गिऱ्हाईक कोण, हे विचारा. एमआयडीसी, दूध संघ, साखर कारखान्याची वसाहत यांतलं काहीच वाटेत नसेल, तर अनामत हातची सोडू नका. पावतीवर गॅस सुरू करण्याची मुदत आणि ती चुकल्यास अनामत परत, हे लिहून घ्या. चुलीत निळी ज्योत दिसेपर्यंत सिलिंडरचं पुस्तक परत करू नका. नगरसेवकांनी तर खोदाईच्या परवानगीतच गल्लीनिहाय तारखा घालाव्यात आणि रस्तादुरुस्तीचे पैसे आधी भरून घ्यावेत. परवानगी एकदा दिली की नगरपरिषदेच्या हाती फारसं काही राहत नाही.

शेजारच्या तालुक्यात दूध संघाने बॉयलरसाठी करार केला आणि त्याच रस्त्यावरच्या दोन आळ्यांत गॅस आला. आम्हीही आता बेकऱ्या, मंगल कार्यालयं, वसतिगृहं यांची मागणीपत्रं एकत्र करतोय. दिवाळीआधी ती कंपनीला आणि नियामक मंडळाला एकाच दिवशी पाठवायची आहेत.