सिक्स पॅकच्या आधी कंबरेचं माप

नुकतंच जिमला नाव घातलेली मुलं दवाखान्यात आली की एक प्रश्न हमखास विचारतात: ‘डॉक्टर, रोज शंभर क्रंचेस मारतो, तरी पॅक्स का दिसत नाहीत?’

मित्रांनो, पॅक्स प्रत्येकाच्या पोटात असतात. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत जाणाऱ्या उभ्या स्नायूला आडवे पट्टे छेदतात, त्याचेच ते चौकोन. ते किती, हे जन्मतःच ठरतं. क्रंचेसने हा स्नायू बळकट होतो, पण त्यावरची चरबी काही तिथल्या तिथे झडत नाही. ती सगळ्या अंगावरून हळूहळू उतरते आणि अनेकांच्या पोटावरून सर्वांत शेवटी. पुरुषाच्या शरीरातली चरबी १०-१२ टक्क्यांवर आली की चौकोन उठून दिसू लागतात. बायकांनी इतकं खाली जाऊ नये, पाळी बिघडते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय बारीक, वजन बेताचं आणि तरी आत चरबी, अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते. पोटातली ही चरबीच पुढे मधुमेह आणि हृदयविकाराला वाट करून देते.

म्हणून आरशाआधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत माप हवं.

आमच्या ठाकुर्लीहून कामाला जाताना धीम्या लोकलने मुंबईचं सीएसएमटी गाठायला तासाच्या वर जातो. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री दहाला पोटभर जेवण. पोट सुटतं ते इथे. जेवण उरकून लगेच आडवं होऊ नका. संध्याकाळच्या भुकेला डब्यात चणे किंवा उकडलेली अंडी ठेवा. रात्री भात-पोळी कमी करून मटकीची उसळ, डाळ, दही, मासे वाढवा. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे रोज साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आठवड्याला अर्धा किलो वजन उतरलं तरी पुष्कळ झालं.

सकाळी इथल्या नव्वद फुटी रस्त्यावर भरभर चाला, आठवड्यात किमान १५० मिनिटं. दिवसाआड जोर, बैठका आणि प्लँक करा. प्लँकमध्ये कोपर खांद्याच्या बरोबर खाली, डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ रेष, आणि कुणी पोटावर चापट मारणार असल्यासारखं पोट घट्ट. श्वास रोखू नका. वीस सेकंदांच्या तीन फेऱ्यांनी सुरुवात करा, कंबर खाली झुकली की थांबा. मग पाठीवर झोपून गुडघे काटकोनात वर उचला आणि एकेक टाच जमिनीला टेकवा. कंबर जमिनीवरून सुटू देऊ नका. सोपं वाटू लागलं की वेळ किंवा वजन वाढवा, कारण भार वाढल्याशिवाय स्नायू वाढत नाही.

हर्निया, स्लिप डिस्क, अनियंत्रित रक्तदाब असेल किंवा सिझेरियन होऊन थोडेच महिने झाले असतील, तर तपासणी झाल्याशिवाय पोटाचे व्यायाम सुरू करू नका. जिममध्ये कुणी ‘फॅट बर्नर’च्या गोळ्या किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन पुढे केलं तर ठाम नाही म्हणा. त्या गोळ्यांमधली उत्तेजकं हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतात. स्टेरॉइडमुळे यकृत आणि हृदय बिघडतं, पुरुषांमध्ये वंध्यत्वही येऊ शकतं. पोस्टरवरचे पॅक्स तर बहुधा पाणी पिणं कमी करून, फोटोच्या दिवसापुरते आणलेले असतात.

कंबरेचं माप महिन्यातून एकदा वहीत लिहा. ते उतरत असेल आणि प्लँकचे सेकंद वाढत असतील, तर चौकोन दिसोत न दिसोत, तुमचं पोट बळकट होतंय आणि मधुमेहाचा धोका कमी होतोय. माझ्या लेखी कमावण्यासारखं शरीर तेच.