वारे गेले की रक्त अडले?

आमच्या नारायणगडाकडे कोणाला पक्षाघात झाला की 'अंगावरून वारे गेले' म्हणतात. माझ्या आजोबांच्या वेळी पहिला दिवस अंगारे-धुपारे करण्यातच गेला. उजवा हात कायमचा लुळा पडला. वास्तविक बहुतेक वेळा मेंदूकडे जाणारे रक्त अडलेले असते.

धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो. अँजिओग्राफीत रक्ताची वाट दिसते, भिंत नव्हे. थर बाहेरच्या अंगाने फुगला, तर वाट मोकळीच भासते. एमआरआय यंत्र प्रबळ चुंबकाच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनचे संकेत टिपते. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या एका खास पद्धतीत वाहत्या रक्ताचा संकेत दाबतात. रक्त काळे दिसते आणि भिंतीतला थर नजरेस पडतो.

परंतु झटका आल्यावर वेळ हेच खरे औषध. रक्तस्राव नाही हे स्कॅनने पाहून गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देतात, तेही साधारणतः साडेचार तासांच्या आत. म्हणून मित्रहो, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, की प्रथम मोठा दवाखाना गाठावा. अंगारा नंतरही लावता येतो.