झोपून मोजा, उभं राहून मोजा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या माणसाला भोवळ आली की घरचे म्हणतात अशक्तपणा, शेजारी म्हणतात ऊन लागलं, आणि दवाखान्यात म्हणतात आजाराचाच भाग. माझ्या बाबतीत बरेच महिने हेच चाललं. सकाळी उठून उभी राहिले की डोळ्यांसमोर अंधारी यायची, मान नि खांदे भरून यायचे. बसलं की सगळं निवळायचं. आचोळ्याहून रिक्षाने नालासोपारा स्टेशन गाठायचं आणि पुलाच्या जिन्यावर कठडा धरून थांबायचं. दवाखान्यात दर वेळी बीपी मोजलं गेलं, पण खुर्चीत बसवूनच. आकडा चांगला यायचा. शेवटी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून झोपेची गोळी लिहून दिली.

पुढे दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी ऑटोनॉमिक फंक्शन टेस्ट करायला सांगितली. तिला घाबरण्यासारखं काहीच नाही. ईसीजीच्या तारा लावून आडवं झोपवतात. मग ५ सेकंद श्वास आत, ५ सेकंद बाहेर, असे मिनिटाला ६ श्वास घ्यायचे. श्वास घेताना हृदय जरा जलद चालतं, सोडताना मंदावतं. निरोगी हृदय घड्याळासारखं एकसारखं टिकटिकत नाही; दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं. हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (एचआरव्ही) म्हणतात ती हीच. तरुण माणसात या श्वासांबरोबर ठोक्यांचा वेग मिनिटाला साधारण १५ने तरी वरखाली होतो. वयानुसार हा फरक कमी होत जातो. नंतर एका नळीत जोर लावून फुंकायला लावतात, मूठ आवळून धरायला सांगतात, आणि शेवटी उभं करतात. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचं बीपी २०ने किंवा खालचं १०ने उतरलं, तर अंधारीचं कारण हाती लागतं. माझं त्याहून जास्त उतरलं होतं.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खाते. हृदयाला, रक्तवाहिन्यांना, घामाला, मूत्राशयाला जाणारे निरोप ब्रेनस्टेम आणि मज्जारज्जूतूनच जातात. तिथे डाग पडले तर पाय लटपटण्याआधीही हे निरोप अडखळू शकतात. पण पाय लटपटले तर सगळ्यांना दिसतं, हे कोणाला दिसत नाही.

मात्र सगळं खापर आजारावर फोडू नका. मला मूत्राशयाचाही त्रास आहे. विरार लोकलच्या गर्दीत लघवी लागली तर काय, या धास्तीने आमच्यातल्या कित्येक बायका घरातून निघण्याआधी पाणी पीतच नाहीत. पाणी कमी पडलं की बीपी आणखी उतरतं. पायांच्या ताठरपणासाठी मिळणारं टिझानिडिनही बीपी उतरवतं; पुरुषांना लघवीसाठी देतात ते टॅमसुलोसिनही. माझा टिझानिडिनचा डोस डॉक्टरांनी बदलला आणि जिन्यावरचं थांबणं पुष्कळ कमी झालं. गोळी मनाने बंद मात्र करू नका. ताठरपणासाठीचं बॅक्लोफेन एकाएकी सोडलं तर फिट येऊ शकते.

आमच्याकडे वसईच्या किनारपट्टीची दमट हवा. घाम येतो, पण वाळत नाही, आणि एमएसमध्ये काहींना तो पुरेसा येतच नाही. अंग जरासं तापलं तरी मायलिन गेलेल्या तंतूंतून निरोप नीट जात नाहीत, नजर धूसर होते, पाय जड होतात. विल्हेल्म उटहॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९०मध्येच हे नोंदवलं होतं. हा त्रास म्हणजे आजाराचा नवा झटका नव्हे, अंग गार झाल्यावर तो उतरतो. मे महिन्यात वीज गेली की मी ओला पंचा मानेवर टाकते. कढत पाण्याची आंघोळ मी सोडली आहे.

घरी बीपीचं मशीन असेल तर ५ मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी मोजा. शेजारी कोणीतरी हवंच. आकडे वेळेसकट वहीत लिहा आणि वही डॉक्टरांपुढे ठेवा. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून पावलं वरखाली करा. मीठ वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण काहींचं आडवं पडल्यावरचं बीपी उलट जास्त असतं. शुद्धच हरपली किंवा छातीत दुखलं, तर वहीच्या नादी न लागता थेट हॉस्पिटल गाठा.

मनगटावरचं घड्याळही हल्ली एचआरव्ही दाखवतं. तो आकडा झोप, ताप, चहा, वय, औषधं, सगळ्यांनी हलतो. दुसऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून पाहू नका. उभं राहिल्यावर उतरणारं बीपी त्यात कळत नाही.

आणि तुम्हाला एमएसवरचं फिंगोलिमॉड हे औषध सुरू होणार असेल, तर पहिल्या डोसनंतर हृदयाचे ठोके मंदावतात म्हणून ६ तास देखरेखीखाली ठेवतात. अंधारी येते किंवा नाडी मुळातच मंद आहे, हे डॉक्टरांना त्या दिवशी नव्हे, औषध ठरवतानाच सांगा.