अल्पभूधारक शेतकरी आणि अन्नसुरक्षा

देशाच्या कोठारांत धान्य पुरेसे आहे, एवढ्यावरून देशातील प्रत्येक घरात ते पुरेसे आहे असे अनुमान काढता येत नाही. १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे उपासमारीने व तिच्या पाठोपाठ आलेल्या रोगराईने मृत्युमुखी पडली. त्या वर्षी प्रांतात धान्याचा सर्वस्वी अभाव नव्हता. शेतमजूर, कोळी आणि लहान कारागीर यांच्यापाशी ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती. डॉ. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट सप्रमाण मांडली आणि अन्नाच्या प्रश्नाकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. पुढे १९९६ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची व्याख्या स्वीकारली. सर्व लोकांना, सर्व काळी, पुरेसे, सुरक्षित व पोषक अन्न मिळण्याची भौतिक आणि आर्थिक शक्यता असणे, हा त्या व्याख्येचा गाभा होय.

या व्याख्येच्या कसोटीवर विकसनशील देशांतील लहान शेतकऱ्याची स्थिती तपासली असता एक विसंगती समोर येते. जो अन्न पिकवितो, त्याच्याच घरी वर्षातील काही महिने अन्नाची चणचण असते. असे का घडते आणि त्यावर कोणते उपाय संभवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लहान शेतीचा व्याप

जगातील एकूण शेतांची संख्या सुमारे ६० कोटी आहे. त्यांपैकी सुमारे ८४ टक्के शेते दोन हेक्टरांहून लहान आहेत. शेतजमिनीचा जेमतेम १२ टक्के हिस्सा त्यांच्याकडे असून जगातील अन्नोत्पादनाचा अंदाजे एकतृतीयांश भाग त्यांतून येतो. लहान शेत म्हणजे अकार्यक्षम शेत, ही समजूत किती अपुरी आहे हे यावरून दिसून येईल.

भारतातील चित्र याहून वेगळे नाही. १९७०-७१ च्या कृषिगणनेत देशातील सरासरी वहिती खातेदारी २.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.०८ हेक्टरवर आली. अल्प व अत्यल्प भूधारकांचे प्रमाण ८६ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ही घट अधिक तीव्र आहे. १९७०-७१ मध्ये राज्यात सुमारे ४९.५ लक्ष वहिती खाती होती व सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये खात्यांची संख्या सुमारे १५३ लक्ष झाली आणि सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर उरले. वाटण्यांबरोबर शेताचे तुकडे पडले. बांध वाढले, पण विहीर एकच राहिली. राज्यातील सुमारे चारपंचमांश शेती आजही पावसावर अवलंबून आहे, ही बाब लक्षात घेतली म्हणजे या आकड्यांचा खरा अर्थ कळतो.

एका कुटुंबाचा हिशेब

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी अवर्षणप्रवण भागातील एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. कुटुंबात पाच माणसे आहेत आणि एक हेक्टर कोरडवाहू जमिनीत रब्बी ज्वारी घेतली जाते. दरडोई दरमहा १० किलो धान्य धरल्यास या कुटुंबाला वर्षाला सहा क्विंटल धान्य लागेल. पाऊसपाणी बरे झाले आणि आठ क्विंटल ज्वारी आली, तर कागदावर दोन क्विंटल शिल्लक दिसते.

परंतु खळे उठते न उठते तोच देणी दाराशी उभी राहतात. खताची उधारी, नांगरटीचे पैसे, सोसायटीचा हप्ता, मुलांच्या शाळेचा खर्च आणि एखादे आजारपण यांसाठी दहा हजार रुपये लागतात असे समजू. त्या वेळी सर्वांचाच माल बाजारात येत असल्याने भाव उतरलेला असतो. क्विंटलला २,५०० रुपये भाव मिळाला, तर चार क्विंटल विकावे लागतात. उरलेले चार क्विंटल आठ महिने पुरतात. पुढचे पीक हाती येण्यापूर्वीच्या चार महिन्यांसाठी दोन क्विंटल धान्य विकत घेणे भाग पडते. तोवर भाव ३,२०० रुपयांवर गेलेला असेल, तर ५,००० रुपयांना विकलेली ज्वारी ६,४०० रुपये देऊन परत घ्यावी लागते. म्हणजे कोणतीही आपत्ती आलेली नसता, केवळ विक्रीच्या वेळेमुळे कुटुंबाला १,४०० रुपयांचा तोटा होतो.

पावसाने दगा दिला आणि तीनच क्विंटल पीक आले, तर ते अवघे सहा महिन्यांचे धान्य होय. देणी मात्र कमी होत नाहीत. अशा वर्षी कडबाही हाती लागत नाही. मग बैल किंवा गाय विकावी लागते आणि पुढील हंगामाची मशागत भाड्याने करून घ्यावी लागते. एका वर्षाची नापिकी अशा रीतीने तीन-चार वर्षांच्या ओढगस्तीत रूपांतरित होते. लहान शेतकऱ्याची अडचण उत्पादनाइतकीच साठवण, पत आणि वेळ यांचीही असते, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

मलावीचा अनुभव

आफ्रिकेतील मलावी या देशात हाच हिशेब मक्याच्या रूपाने आढळतो. तेथे पाऊस वर्षातून एकाच हंगामात पडतो. पीक एप्रिलच्या सुमारास निघते आणि डिसेंबर ते मार्च हे महिने उपासाचे असतात. २००१-०२ मध्ये तेथे भीषण अन्नटंचाई झाली. त्यापूर्वीच देशाचा राखीव धान्यसाठा विकला गेला होता. २००५ मध्ये अवर्षणाने पीक पुन्हा बुडाले. त्यानंतर तेथील शासनाने लहान शेतकऱ्यांना खत व सुधारित बियाणे सवलतीच्या दरात मिळावे म्हणून कुपने देण्याची योजना मोठ्या प्रमाणावर राबविली. चांगल्या पावसाची साथ लाभून २००६ मध्ये मक्याचे उत्पादन आदल्या वर्षाच्या दुपटीवर गेले आणि २००७ मध्ये हा देश शेजाऱ्यांना मका निर्यात करू शकला.

या यशाला दुसरी बाजूही होती. खत आयात करावे लागत असल्याने योजनेचा भार अर्थसंकल्पावर पडत गेला आणि इतर कामांसाठी निधी अपुरा पडू लागला. २०१५ चा पूर, त्यामागून आलेले अवर्षण आणि मार्च २०२३ मधील ‘फ्रेडी’ चक्रीवादळ यांनी दाखवून दिले की, एकाच पिकावर व एकाच निविष्ठेवर उभारलेली सुरक्षा हवामानाच्या पहिल्याच तडाख्याला डळमळते. खत आवश्यक आहे. परंतु मातीतील सेंद्रिय अंश, पिकांची विविधता व राखीव साठा यांची जागा ते घेऊ शकत नाही.

नायजरमधील झाडे

नायजर या देशाच्या मरादी व झिंदर भागांतील शेतकऱ्यांनी वेगळा मार्ग अनुसरला. १९८० नंतरच्या काळात शेतात आपोआप फुटणारे झाडांचे फुटवे उपटून न टाकता त्यांतील निवडक वाढविण्याची पद्धत तेथे रूढ झाली. पूर्वी झाडांवर शासनाची मालकी मानली जाई, म्हणून शेतकऱ्याला ती राखण्यात हित वाटत नसे. झाड आपले आहे ही खात्री पटू लागली, तसतसे ते वाढविण्याकडे त्याने लक्ष दिले. सुमारे ५० लक्ष हेक्टर क्षेत्रावर अशी झाडी उभी राहिली. वाऱ्याने होणारी धूप कमी झाली, जळण व चारा मिळू लागला आणि शेणाचा उपयोग खतासाठी होऊ लागला. या कामास खर्च फारसा आला नाही. हक्काची निश्चिती मात्र आवश्यक ठरली.

महाराष्ट्राची वाटचाल

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात या प्रश्नाचा सामना केला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लक्षांच्या घरात पोहोचली होती. त्या मजुरांत अल्पभूधारक शेतकरी मोठ्या संख्येने होते. खडी फोडणारे हात एरवी तिफण धरणारे होते. पिके बुडाली असताही मजुरीच्या रूपाने लोकांच्या हाती क्रयशक्ती पोहोचविल्यामुळे मोठी प्राणहानी टळली. श्री. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान मिळाले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. २००५ साली संसदेने संमत केलेल्या रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राच्या या अनुभवाचा मोठा आधार होता.

आदिवासी भागातील पावसाळ्याच्या तुटीच्या महिन्यांसाठी १९७८ पासून खावटी कर्जाची योजना सुरू झाली. सावकाराकडे पीक उभे असतानाच गहाण पडू नये, हा तिचा हेतू होता. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. वर उल्लेखिलेल्या पाच माणसांच्या कुटुंबाला त्यामुळे वर्षाला तीन क्विंटल धान्य मिळते. म्हणजे गरजेच्या निम्मा भाग सुरक्षित होतो. उरलेला निम्मा भाग आणि डाळी, तेल, भाजीपाला व दूध यांची तरतूद मात्र शेतातून किंवा मजुरीतूनच व्हावी लागते.

पिकांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. राज्यातील ज्वारीचे क्षेत्र गेल्या काही दशकांत बरेच घटले असून खरिपात तिची जागा मुख्यतः सोयाबीन व कापूस यांनी घेतली आहे. नगदी पिकाने हाती पैसा येतो, हे खरे. परंतु भाव कोसळल्यास घरात ना धान्य राहते ना जनावरांना कडबा. खोल काळ्या जमिनीतील ओलाव्यावर येणारी मालदांडी ज्वारी धान्य आणि वैरण दोन्ही देते. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्या निमित्ताने निर्माण झालेली जाणीव शेतातील पेरणीपर्यंत पोहोचली पाहिजे.

गावपातळीवर काय करता येईल

राष्ट्रीय धोरणांचे महत्त्व मोठे असले, तरी पुढील गोष्टी ग्रामपंचायत, शाळा व क्षेत्रीय अधिकारी यांच्या आवाक्यातील आहेत.

पहिली गोष्ट विक्रीच्या वेळेची. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ठरावीक प्रमाणात सहा महिन्यांपर्यंत अल्प व्याजाने कर्ज मिळते. परंतु दोन-चार पोती घेऊन तालुक्याला जाणे एकट्या लहान शेतकऱ्याला परवडत नाही. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी माल एकत्र करून नेला, किंवा उत्पादक कंपनीने अथवा सोसायटीने ही व्यवस्था हाती घेतली, तरच तिचा लाभ खऱ्या गरजूपर्यंत पोहोचेल.

दुसरी गोष्ट पाण्याच्या हिशेबाची. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे केली, आणि तेवढ्यावर न थांबता दरवर्षी पडलेला पाऊस मोजून त्यानुसार पिके ठरविण्याची प्रथा पाडली. अधिक पाणी पिणाऱ्या पिकांवर आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर गावाने स्वतःच बंधन घातले. अडविलेले पाणी मोजक्या विहिरींत जाऊन संपू नये, यासाठी असा निर्णय ग्रामसभेनेच घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट नोंदींची. शेतीतील बरेचसे काम स्त्रिया करतात. परंतु सात-बारावर नाव नसल्याने पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई यांपासून त्या वंचित राहतात. बटाईने शेती करणाऱ्याचीही तीच गत होते. वारसनोंदी वेळेवर करणे आणि पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यास प्रोत्साहन देणे, यांस मोठा निधी लागत नाही. तलाठी व ग्रामपंचायत यांची तत्परता लागते.

चौथी गोष्ट शिक्षकांशी संबंधित आहे. वर दिलेला कुटुंबाचा धान्यहिशेब वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरासाठी करून घेता येईल. घरात माणसे किती, धान्य किती पिकले, किती विकले, कोणत्या महिन्यात विकत आणावे लागले आणि कोणत्या भावाने, अशा पाच प्रश्नांची उत्तरे वर्गात नावे न घेता एकत्र केली, तर गावातील तुटीचे महिने कोणते, हे स्पष्ट होईल. ती माहिती ग्रामसभेपुढे आली म्हणजे रोजगाराची कामे नेमकी केव्हा सुरू व्हावीत आणि शिधापत्रिकेवरील धान्य कोणत्या काळात विनाखंड मिळालेच पाहिजे, हे ठरविणे सोपे जाईल.

मलावी, नायजर आणि महाराष्ट्र यांची भूमी व पिके भिन्न आहेत. परंतु त्यांच्या अनुभवांतून निघणारा बोध समान आहे. लहान शेतकऱ्याला बियाणे व खत यांबरोबरच जमिनीवरील निश्चित हक्क, माल थोपवून धरण्याची ताकद आणि वाईट वर्षी कामाची व धान्याची हमी मिळाली पाहिजे. यांपैकी एकही दुवा निखळला, तर उरलेल्यांवर केलेला खर्च बव्हंशी व्यर्थ जातो. योजनेची प्रगती किती पोती खत वाटले यावरून मोजण्याची सवय जुनी आहे. त्याऐवजी गावातील किती घरांचे धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरले, याची नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला, तर अन्नसुरक्षेचे काम योग्य दिशेने चालले आहे की नाही, हे प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतःच ठरविता येईल.