अनुकरणवाचक शब्द : नाद, वर्ण आणि बोली

व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत अनुकरणवाचक शब्दांचा विचार बहुधा एका वाक्यात उरकला जातो. ध्वनीचे अनुकरण करणारा तो अनुकरणवाचक शब्द, एवढे सांगून 'खळखळ', 'कडकड', 'गडगड' ही उदाहरणे दिली जातात. यातून निसर्गातील नाद जसाच्या तसा भाषेत उतरतो, असा समज दृढ होतो. हा समज कितपत टिकतो आणि लेखनाच्या व अध्यापनाच्या दृष्टीने त्याचे परिणाम काय होतात, हे रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा परिसराच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

१. पूर्वविचार

हा प्रश्न प्राचीन आहे. 'काक' हे नाव पक्ष्याच्या ओरडण्यावरून पडले, असे यास्काने 'निरुक्ता'त मानले. औपमन्यवांना मात्र शब्दानुकृतीच मान्य नव्हती. पाणिनीने अशा शब्दांसाठी 'अव्यक्तानुकरण' ही संज्ञा वापरली. ती अर्थपूर्ण आहे. मूळ नाद अव्यक्त असतो, म्हणजे त्यात वर्ण नसतात. अनुकरण मात्र वर्णांतच करावे लागते. सोस्यूरच्या मते (१९१६) असे शब्द संख्येने थोडे आणि बरेचसे संकेतनिष्ठ असतात. यांपैकी संकेताचा मुद्दा मराठीस लागू पडतो, संख्येचा नाही. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) अनुकरणात्मक म्हणून नोंदलेले शब्द विपुल आहेत. एमेनो यांनी तर १९६९ मध्ये अशा शब्दांची विपुलता व घडण हे भारतीय भाषाक्षेत्राचेच एक लक्षण म्हणून मांडले.

२. मराठीतील घडण

या शब्दांना मराठीत स्वतःची व्यवस्था आहे. अघोष 'क' घेऊन विजेचा कोरडा 'कडकड' होतो, तर घोष 'ग' घेऊन ढगांचा खोल 'गडगड'. स्वर बदलला की नादही बदलतो : 'खळखळ' मोकळी, 'खुळखुळ' बंदिस्त. 'खिळखिळा' या रूपात तर नाद मागे पडून सैलपणाचा अर्थ पुढे येतो. 'लखलख' व 'थरथर' यांत प्रकाश आणि कंप ध्वनीच्या साच्यात बसविलेले दिसतात.

संकेत नादाहून किती चिवट असतो, याचे उदाहरण रोह्यातच सापडते. येथून दक्षिणेस जाणारी कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे खुली झाली, ती डिझेल इंजिनांवर. २०२२ मध्ये तिचे विद्युतीकरण पूर्ण झाले. वाफेच्या इंजिनाची 'झुकझुक' या मार्गाने कधी जाणलीच नाही. तरीही मुलांची गाडी 'झुकझुक गाडी'च राहिली आहे.

३. बोलीचा कान

संकेत बोलीनुसार बदलतो, हे पेण-रोहा परिसरातील आगरी बोलीवरून अधिक स्पष्ट होते. या बोलीत 'ळ'च्या जागी 'ल' आणि 'ण'च्या जागी 'न' येतो : 'सकाळ' ही 'सकाल' होते, 'पाणी' हे 'पानी'. याच नियमाने 'खळखळ' ही 'खलखल' आणि 'खणखण' ही 'खनखन' ठरते. पाणी तेच असते. अनुकरण मात्र बोलीच्या वर्णव्यवस्थेतून घडते.

याच बोलीत 'ड'चा 'र' होतो : 'घोडा' हा 'घोरा', 'गाडी' ही 'गारी'. येथे अभ्यासाचा एक प्रश्न उभा राहतो. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात वाळलेल्या मूर्तीवर पॉलिशपेपर फिरतो तेव्हा 'खरखर' होते. रिकाम्या गाडीची मात्र 'खडखड'. या नियमाने दोन्ही शब्द एक होतात, की अर्थभेद राखण्यासाठी बोली नियमाला अपवाद करते? पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी गावोगावच्या वक्त्यांकडून याची उत्तरे नोंदवावीत. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे काम अधिक शिकविणारे आहे.

४. लेखन आणि अध्यापन

आगरी भाषक विद्यार्थी निबंधात 'खलखल' लिहितो तेव्हा त्यावर लाल शाई फिरते. प्रमाणभाषेतील निबंधात 'खळखळ' हे रूप सुचविणे योग्यच होय. परंतु 'खलखल' हे चुकीचे अनुकरण आहे, असे सांगणे शास्त्राला धरून नाही. त्याने नाद चुकीचा ऐकलेला नसतो. आपल्या भाषेच्या वर्णांत ऐकलेला असतो. कथेतील आगरी पात्राच्या तोंडी तर तेच रूप हवे. तेथे 'खळखळ' घातल्यास पात्राच्या कानावर लेखकाचा कान लादला जातो.

खरा दोष निराळा आहे. तो न ऐकता लिहिण्याचा. उथळ पाणी दगडगोट्यांवरून जाते तेव्हा खळखळ होते. श्रावणात दुथडी भरलेल्या कुंडलिकेला किंवा भरतीने फुगलेल्या पेणच्या खाडीला तोच शब्द लावला, तर शब्द नादमधुर राहतो, पण वर्णन खोटे पडते. भरतीच्या संथ पाण्यात होडीच्या तळाशी होणारा 'डुबुक' आवाज ऐकणाऱ्यालाच सुचतो.

सारांश, अनुकरणवाचक शब्दाची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी : तेथे तो नाद खरोखर होता का, आणि तो कोणाच्या कानाने ऐकला? पहिल्या प्रश्नाने ठोकळेबाज वर्णन उघडे पडते. दुसऱ्याने बोलीला न्याय मिळतो.