हातात नाही, हाडांवर

बाय,

परवा सरावाहून आलीस, रायफल पडवीच्या भिंतीला टेकवलीस आणि पाणी प्यायला आत गेलीस. शेजारी आजीचा खराटा उभा होता. दोन्ही एकमेकांना खेटून. मी उठून रायफल आडवी ठेवली. जेवण झाल्यावर तुला सांगायचे ठरवले होते, पण तू ताटावरून उठलीस ती थेट अंथरुणात. म्हणून लिहून ठेवतोय.

यातले अर्धे कानमंत्र माझे नाहीत. कॉलेजात एनसीसीला असताना पॉइंट टू-टूची रायफल हातात देऊन आमचे हवालदार उस्ताद पाठीमागून कानाशी पुटपुटायचे, त्यांचे आहेत. उरलेले मी माझ्या चुकांतून कमावले. तुला चुका करायला वेळ कमी आहे, तयार घे.

नळी म्हणजे मूठ नव्हे. उचलताना हात पहिल्यांदा नळीकडे जातो, कारण धरायला सोपी. तिथेच आवर. तुझ्या एअर रायफलची नळी फक्त मागच्या टोकाला घट्ट बसवलेली असते, पुढे ती मोकळी असते, दस्त्याला कुठेही टेकत नाही. मुद्दाम तशी करतात, म्हणजे प्रत्येक गोळीला ती सारखीच थरथरते. अशा नळीला धरून साडेपाच किलोपर्यंतचे धूड उचलायचे म्हणजे तिच्या मुळाशी पहार लावायची. भिंतीला टेकवलीस तरी तेच, आणि वर घसरून पडायची भीती. उचलायची ती दस्त्याला धरून, दोन्ही हातांनी. ठेवायची आडवी, नाहीतर स्टँडवर.

एवढा बाऊ कशाला, असे वाटेल. हिशेब कर. मागची पीप साइट आणि पुढची माशी यांत साधारण ८० सेंटिमीटर अंतर. मागची जागेवर राहिली आणि पुढची ०.२ मिलिमीटर सरकली, म्हणजे दोन कागदांच्या जाडीइतकी, तर १० मीटरवर गोळी अडीच मिलिमीटर बाजूला जाते. टार्गेटवर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचे अंतर नेमके अडीच मिलिमीटर. म्हणजे दहाचे नऊ झाले. आणि दहाचा ठिपका केवढा, तर अर्धा मिलिमीटर. पेन्सिलीच्या टोकाने टेकवावा तेवढा.

रायफल धरू नको, ठेव. नवीन पोरे दंडाच्या जोरावर रायफल स्थिर करू बघतात. दहाव्या गोळीला दंड थरथरतो, तिसाव्याला खांदा भरतो, आणि मॅच असते ६० गोळ्यांची. कोळीवाड्यात डोक्यावर पाटी घेऊन चालणारी बाई पाहा. पाटीत वीस किलो म्हावरे असते आणि दोन्ही हात मोकळे. भार डोक्यावरून मानेत, मानेतून कण्यात, कण्यातून टाचेत उतरतो. तिच्या स्नायूंना फक्त तोल राखायचा असतो. तुझेही तसेच व्हायला हवे. डावे कोपर कमरेच्या हाडावर, त्यावर मनगट, मनगटावर रायफल. हाडावर हाड. मग डावा हात म्हणजे खांब होतो, आणि खांब दमत नाही.

उभी राहिलीस की एक परीक्षा कर. माशी टार्गेटवर आण, डोळे मिट, दोन श्वास घे, सोड, डोळे उघड. माशी डावीकडे गेली असेल तर हाताने ओढून आणू नको. ओढलेली नळी घोडा दाबण्याच्या क्षणी परत आपल्या जागी जाते. मागचे पाऊल बोटभर सरकव आणि पुन्हा डोळे मिट. डोळे उघडल्यावर माशी आपणहून टार्गेटच्या काळ्या वर्तुळात दिसेपर्यंत पायच हलवायचे.

आणि डुलणे पूर्ण थांबेल याची वाट पाहू नको. नांगरलेली होडीसुद्धा डुलते. नांगर पक्का असला की ती फिरून फिरून त्याच ठिकाणी येते. डुलण्याचे रिंगण लहान करत जाणे एवढेच आपल्या हातात. माशी मध्यावर आली रे आली की घोडा झटकन दाबणाऱ्याची गोळी कधीच मध्यावर जात नाही. दाब हळूहळू वाढव, गोळी सुटायची तेव्हा सुटेल.

गोळी सुटली तरी मान वर नाही. गोळी साधारण सेकंदाला १७५ मीटर वेगाने जाते. बंदुकीच्या मानाने हा वेग फारच कमी. घोडा दाबल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचे काही हजारांश भाग जातात, आणि तेवढ्यात नळी हलली तर गोळी तिच्याबरोबर हलते. स्क्रीनवर किती पडले हे बघायची घाई असणारा माणूस गोळी नळीत असतानाच मान उचलायला लागतो. गोळी गेल्यावर मनात ‘एक, दोन’ म्हण. माशी कुठे होती ते डोळ्यांनी सांगू दे, मग स्क्रीन बघ. आधी तू सांगायचे, मग स्क्रीनने. दोघांचे जुळायला लागले की समज, शिकलीस.

घट्ट म्हणजे एकसारखे. दस्ता आणि यंत्र यांना जोडणारे स्क्रू जोर लावून आवळणे म्हणजे काळजी घेणे नव्हे. आज एका जोराने, उद्या दुसऱ्या जोराने आवळलेस, तर गोळ्यांचा झुबका जागा बदलतो. टॉर्क पाना वापर, कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर थांब. मग स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यापर्यंत आजीच्या नेलपॉलिशची बारीक रेघ मार. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू ढिला झाला, पाना न लावता कळते. मॅचच्या आदल्या रात्री दस्त्याचा कुठलाही स्क्रू फिरवायचा नाही. बिघडले असेल तर त्याच्या आधीच्या आठवड्यात कळायला हवे होते.

वही ठेव. तारीख, छर्ऱ्यांच्या डब्यावरचा लॉट नंबर, साइटचे क्लिक, हवेचा दाब. एका वेळी एकच गोष्ट बदल. छर्रे बदलले आणि त्याच दिवशी गालाची पट्टी वर केली, तर कशाने काय झाले ते ब्रह्मदेवाला कळणार नाही.

तू पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत जातेस. तिथे लक्ष्य क्लब उभा करणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. तेव्हा महिलांची मॅच ४० गोळ्यांची असे. चाळीस वेळा दहा. लोक म्हणतात केवढी नजर. मी म्हणतो, त्या बाईंनी एकच गोळी चाळीस वेळा मारली. पाय तेच, श्वास तोच, दाब तोच.

खारे वारे ओळख. कुलाबा किल्ल्यात उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. यॉर्कशरच्या लो मूर कारखान्यात १८४९ साली ओतलेल्या. पुढच्या ओहोटीला चालत जा आणि त्यांच्या अंगावरून बोट फिरव. मनगटाएवढ्या जाड लोखंडाला इथली हवा असे खाते, तर तुझ्या नळीची काय कथा.

इथे लोखंडाचे दोन वैरी, समुद्राचे मीठ आणि आपल्या घामाचे मीठ. सराव संपला की धातूचा जेवढा भाग हाताला लागला तेवढा कोरड्या मऊ फडक्याने पूस. मग दुसऱ्या फडक्यावर तेलाचे दोन थेंब घेऊन बाहेरून नुसता हात फिरव. तेल बाहेरच. हवेच्या वाटेत, सिलिंडरच्या तोंडाशी, गोळी ठेवायच्या जागी तेल जाता कामा नये. दाबलेल्या हवेत साधे तेल पेट घेऊ शकते. रबरी रिंगांना कंपनी सांगेल तेच सिलिकॉन ग्रीस, तेही नखाएवढे.

एसी रेंजमधून निघालीस की बाहेरच्या दमट हवेत पेटी लगेच उघडू नको. फ्रीजमधल्या तांब्याला बाहेर काढल्यावर घाम सुटतो तसा थंड नळीला सुटतो, आतून आणि बाहेरून. बंद पेटीतच तिला बाहेरच्या हवेची ऊब येऊ दे. घरी आल्यावर मात्र पेटीत कोंडू नको. आतला फोम ओल धरतो, मृगानंतर तर त्यातून कुबट वासच येतो. बाहेर काढ, पूस, कुलपाच्या कपाटात आडवी ठेव, सिलिका जेलच्या पुड्या टाक. मिठाच्या बरणीत आजी तांदळाचे दाणे टाकते ते याच कारणासाठी, फक्त कपाटात तांदूळ टाकायला जाऊ नको, रायफलीला भुकटी लागेल. जॅकेटही टांगून ठेव, घडी केलीस तर श्रावणात बुरशी येईल.

छर्रे शिशाचे. डबा उघडा राहिला तर पांढरी भुकटी धरते, असे छर्रे नळीत घालायचे नाहीत. आणि शिसे पोटात जाऊ द्यायचे नाही. साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्यातल्या घावनाला हात लावायचा नाही. नळी साफ करायची ती फेल्टच्या गोळ्यांनी, मागून पुढे. लोखंडी सळी तिच्या आसपास दिसली तर मी ती समुद्रात टाकीन.

सिलिंडरला भीत जा. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो, गाडीच्या टायरच्या सुमारे शंभरपट. भरायचा तो सावकाश, कारण घाईने भरला की तापतो, आणि निवला की दाब उतरतो. तो कुणाच्या जुगाडाने नाही, योग्य जोडणी असलेल्या ठिकाणीच भरायचा. त्यावर तारीख कोरलेली असते. दहा वर्षे झाली की स्पर्धेतून बाद. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलास असे कळले तर महिनाभर रेंज बंद.

वाटेत नजर हलवू नको. एकदा परगावच्या स्पर्धेला जाताना मी रायफलची पेटी बसच्या डिकीत टाकली. खड्डे किती होते ते मोजले नाही. दुसऱ्या दिवशी पहिली गोळी सातात. मागची साइट जागेवरून सरकली होती आणि मी ती आदल्या संध्याकाळी पाहिलीसुद्धा नव्हती. पंधरा मिनिटांचा सरावाचा वेळ क्लिक मोजण्यात गेला, मन पुढे तासभर डळमळत राहिले. दोष खड्ड्यांचा नव्हता.

बीजिंगला २००८ च्या अंतिम फेरीआधी अभिनव बिंद्रा यांची सरावाची पहिली गोळी चारात गेली होती. साइट बिघडली होती. त्यांनी ते आत्मकथनात लिहिले आहे. त्या माणसाने साइट जुळवून घेतली आणि तो सुवर्ण घेऊन उठला. त्यांचे ते कसब तुझ्या हातात यायला वेळ आहे. तोवर पेटी तुझ्या पायाशी, साइट काढून वेगळ्या डबीत, आणि पोहोचल्यावर पहिले काम तपासणी. वडखळ-पेणच्या रस्त्यावर एसटीत बसलीस तर पेटी मांडीवर घे, झोपू नको.

शेवटचा कानमंत्र, पण पहिल्यांदा पाळायचा. रायफल रिकामी असली तरी भरलेली समज. पेटीतून काढल्याबरोबर नळीत सेफ्टी फ्लॅगची रंगीत दोरी, आणि तोंड कायम टार्गेटकडे. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. म्हणून लोक तिला खेळणे समजतात. ज्याला परवाना लागत नाही त्यानेही डोळा फुटतो. आणि तुझ्या मामेभावंडांनी कितीही आग्रह केला तरी ती बगळ्यावर, होल्यावर रोखायची नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, पण मी कायद्यासाठी सांगत नाही. फणसाडच्या रानात एकेकाळी नवाबाची शिकार चाले, आज तिथे अभयारण्य आहे. आपणही तेवढे पुढे यावे.

एवढे कानात ठेव. फणसाच्या फळीचे दोन घोडे केलेत, वर खाचा पाडून त्यात जुन्या सतरंजीचा तुकडा चिकटवलाय. पडवीतच मांडलेत. उद्यापासून कपाटात जाईपर्यंत रायफल त्यावर. भिंतीशी खराटा एकटाच उभा राहील.

तुझा आजा