लिपिडच्या लॅबमध्ये करिअर: यंत्राआधी हात तयार हवा

बार्थ सिंड्रोम हा प्रामुख्यानं मुलग्यांना होणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार. हृदयाचा स्नायू दुबळा पडतो. संशय आला, की कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरूनही तपासणी होते. त्यात कार्डिओलिपिन हे लिपिड, म्हणजे स्निग्ध रेणू, किती आणि त्याचंच मेदाम्लाचं एक शेपूट गळालेलं मोनोलायसोकार्डिओलिपिन किती, हे मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वस्तुमान सांगणाऱ्या यंत्रावर मोजतात. ‘मेडिकल हुकलं, आता बीएस्सी केमिस्ट्री करून काय दिवे लावणार?’ असं विचारणाऱ्या पालकांसाठी मुद्दाम सांगतो: या मोजणीला एमबीबीएस लागत नाही, केमिस्ट्री लागते.

कार्डिओलिपिन, फॉस्फोइनोसिटाइड ही आम्लधर्मी लिपिडं. त्यांच्यावर ऋणभार सहज येतो, म्हणून बहुधा यंत्र निगेटिव्ह मोडवर लावतात. नवखा विद्यार्थी इथे गोंधळतो. हृदयातल्या मुख्य कार्डिओलिपिनचं वस्तुमान साधारण १४४९, आणि आलेखातला पीक (शिखर) दिसतो ७२३.५ला! रेणूनं दोन प्रोटॉन गमावलेले असतात आणि यंत्र वस्तुमान भागिले भार दाखवतं, म्हणून आकडा निम्मा. खात्री करायची तर शेजारचे समस्थानिकांचे पीक बघायचे. त्यांच्यात एकाऐवजी अर्ध्याचं अंतर असतं.

पण खरी कसोटी सॅम्पल तयार करताना लागते. लिपिडं विरघळवून घेणारं क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकच्या नळीत ओतलं, तर प्लॅस्टिकमधली रसायनं उतरतात आणि तेच पीक डोकं खातात. म्हणून काचेच्या नळ्या. आम्ल न घालता फॉस्फोइनोसिटाइड नीट निघत नाहीत, आणि आम्ल जास्त झालं तर प्लास्मॅलोजनसारखी नाजूक लिपिडं तुटतात. तासन्‌तास पिपेट धरायचा ज्याला कंटाळा, त्यानं मार्क कितीही असले तरी दोनदा विचार करावा.

या वाटेवर यायचं, तर बारावीनंतर आयएटी ही प्रवेश परीक्षा देऊन आयसर ही विज्ञान संस्था, किंवा बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. पुढे पीएचडीसाठी नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये. पीएचडीला पाचेक वर्षं जातात; तोवर आयटीतल्या आतेभावाचा पगार घरी ऐकावा लागणार, तयारी ठेवा.

निव्वळ लिपिडवरच्या नोकऱ्या थोड्या. हे यंत्र येणाऱ्याला मात्र औषध कंपन्यांत मागणी असते. निर्यातीच्या द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळाही याच तंत्रावर चालतात. म्हणून प्रवेश घेताना कॉलेजात मास स्पेक्ट्रोमीटर आहे का, एवढंच विचारू नका. एमएस्सीच्या मुलांना त्यावर स्वतः सॅम्पल लावू देतात का, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना गाठून विचारा.